पालथा पेला

धुलाईखान्यात तिला सगळेच मावशी म्हणत. तिच्याहून वयानं मोठे दोघे होते, तेही मावशीच म्हणत, आणि तिनं कधी हरकत घेतली नाही. बावीस वर्षं ती मोठ्या इस्त्रीवर होती. मोठी इस्त्री म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढे लांब, तापलेले दोन रूळ, एकावर एक. इकडून दोघींनी ओली चादर भरवायची, तिकडून दुसऱ्या दोघींनी ती वाळलेली, कडक चादर धरून घडी घालायची. चादरी दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या. नुसता हात फिरवून मावशी सांगे, ही लहान मुलांच्या वॉर्डातली, ही हॉटेलातल्या महागाच्या खोलीतली, आणि ही कोण्या एकट्या माणसाची, बघा, एकाच बाजूला विरलीय. बायका हसत. पण बावीस वर्षांत मावशीच्या हातून एक चादर करपली नव्हती की कोणाच्या नखाला धक्का लागला नव्हता, हे हसणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर मावशीला स्वतःला ते जरा जास्तच ठाऊक होतं.

म्हणून त्या मंगळवारी जे झालं ते तिला आधी कळलंच नाही. सकाळची पाळी. तिनं ॲप्रन बांधला, केस टोपीत कोंबले, बटणांकडे पाहिलं आणि हिरवं दाबलं. इस्त्री घरघरली, आणि तिच्या पोटातून यंत्रं दुरुस्त करणारा फिटर ओरडला. तो खाली वाकून साखळीत गुंतलेले धागे काढत होता. मावशीनं लाल बटणावर थाप मारली, तोवर साखळी वीतभर फिरली होती. दोन बोटं. डॉक्टरांनी हाडं जुळवून बसवली, बोटं वाचली. पण हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आणि दोन महिने घरी. मावशी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायची. तो म्हणायचा, मावशी, तू अशी तोंड पाडून बसलीस तर माझी बोटं घाबरून वाकडी जुळतील.

आठवड्याभरात कागद आला. यंत्रावर सूचनेची पाटी स्पष्ट दिसेल अशी लावलेली असताना तिच्याकडे दुर्लक्ष करून यंत्र सुरू केलं, सबब हा निष्काळजीपणा आहे. सोबत दुसरा कागद, तयार टाइप केलेला: माझ्या निष्काळजीपणामुळे सहकाऱ्याला इजा झाली, हे मला मान्य आहे. खाली सहीसाठी रेघ. धुलाईखान्याचे नवे साहेब येऊन चारच महिने झाले होते. तरुण, टापटिपीचे, आवाज न चढवणारे. त्यांनी मावशीला खुर्ची दिली आणि समजावलं. सही केली तर प्रकरण इथेच मिटेल, फक्त मोठ्या इस्त्रीऐवजी घड्यांच्या टेबलावर जायचं. नाही केली तर चौकशी बसेल, आणि मग काय होईल ते त्यांच्या हातात नाही.

निष्काळजीपणा. मावशी घरी येईपर्यंत तो शब्द तिच्यासोबत चालत आला.

घरी मुलगा, सूनबाई आणि दहा महिन्यांची ठकी. मुलगा बस चालवायचा, कधी सकाळी, कधी दुपारी. सूनबाई कायद्याच्या कॉलेजात शिकवायची; ठकी झाल्यापासून रजेवर होती आणि घरी बसून प्रबंध लिहीत होती. विषय काय, ते मावशीनं तीनदा विचारून घेतलं होतं. खुणा. माणसं एकमेकांना खुणांनी काय काय सांगतात, त्या खुणांना अर्थ कुठून येतो, आणि त्या अर्थावरून भांडण कोर्टात गेलं की कायदा त्या कशा वाचतो. मावशीनं ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, आमची सूनबाई खुणांची डॉक्टर होणार. कोणी डोळा मारला की तपासून औषध देणार.

सूनबाईला हे शेजारणीकडून कळलं. तीही काही कमी नव्हती. म्हणाली, आईंना सांगा, पहिला पेशंट घरचाच आहे, भुवया उंचावून बोलायचा आजार.

ठकी झोपली की चाळीस मिनिटं मिळत. त्या चाळीस मिनिटांत ती एका पायानं पाळणा हलवत लिहायची, पेन्सिलनं, मिळेल त्या कागदावर. ठकी कुशीवर वळली की पेन्सिल थांबायची, श्वास थांबायचा; परत झोप लागली की दोन्ही सुरू. मावशीला वाटे, पोरीनं तेवढ्या वेळात पाठ तरी टेकावी. पण तसं ती म्हणत नसे. म्हणायची ते भलतंच. झाल्या का आज किती खुणा, असं काहीतरी.

त्या संध्याकाळी मावशीनं कागद टेबलावर पसरला, पेनचं टोपण काढलं आणि रेघ शोधली. सूनबाई ठकीला खांद्यावर घेऊन ढेकर काढत होती. तिनं कागद उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाली, “आई, थांबा.”

“सहीच तर करायची आहे. नाव लिहायचं नि मोकळं व्हायचं.”

“नाव तुमचं तुम्ही ठकीच्या दुपट्यावरही शिवलंय. त्याला कोणी सही म्हणत नाही. सही म्हणजे ती केल्यावर पुढे जे जे होणार, ते सगळं. उद्या तिथे कुठेही कोणाला खरचटलं की हा कागद बाहेर निघेल. नवी मुलगी काम शिकायला आली तर तिला सांगतील, त्या मावशींपासून जरा जपून. ते सगळं लिहायचंय का तुम्हाला ह्या रेघेवर?”

मावशीनं टोपण परत लावलं. पण मनातला काटा तसाच होता. “बटण मीच दाबलं ना गं,” ती म्हणाली. सूनबाईनं ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि कागद उचलून ठेवला.

सही केली नाही म्हणून चौकशी बसली; तिथे कामगाराच्या बाजूनं एकाला बोलता येत होतं. बोलणार कोण, हे घरात ठरवावं लागलंच नाही. सूनबाईनं तीन दिवसांत, म्हणजे ठकीच्या नऊ झोपांत, अकरा पानं लिहून काढली. मावशीनं चष्मा लावून अडीच वाचली. पानापानावर चिन्हव्यवस्था, अर्थनिर्णयन, अन्वयार्थ.

“हे वाचून साहेब झोपतील,” मावशी म्हणाली, “आणि मी जन्माची घरी बसेन.”

सूनबाईचा चेहरा उतरला. मग ती हसली, कारण तिलाही चौथ्या पानावर झोप आली होती. तिनं कागद बाजूला सारले आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागली. त्या सकाळी तुम्ही काय काय पाहिलंत? मावशीचं उत्तर दर वेळी एकच. काही नाही, रोजच्यासारखंच. पाटी होती? असणारच. वाचलीत? आता पाटी काय रोज वाचायची असते? सूनबाई वहीत काही लिहायची आणि खोडायची. मावशीला कळायचं की आपण काहीतरी सांगायला हवं आणि ते आपल्याला सापडत नाहीये. ते इतकं जवळ होतं की दिसत नव्हतं, डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधावा तसं.

ते सापडलं रविवारी, आणि सापडलं ठकीला.

मुलाला सुट्टी होती. बापाच्या कौतुकानं तो लेकीला पेज भरवायला बसला. सहा चमचे गेले. मग ठकीनं वाटी दोन्ही हातांनी धरून टेबलावर पालथी घातली. बापानं वाटी सुलटी केली, पेज पुसली, नवी पेज ओतली. ठकीनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, अगदी दया आल्यासारखं, आणि वाटी पुन्हा पालथी घातली. ह्या खेपेला त्याच्या शर्टावर.

“अरे, वाटी पालथी घातली ना तिनं,” मावशी भाजी चिरता चिरता म्हणाली. “झालं तिचं.”

“दहा महिन्यांची आहे, आई. तिला काय कळतंय?”

“तिला कळतंय. तुलाच कळत नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते तुला समजावणं.” आणि मग, चाकू न थांबवता, “पालथं घातलेलं कधी उचलू नये. आमच्याकडे पालथ्या पेल्याला कोणी हात लावेल का? त्या दिवशी पेला असता तर मी बटणाजवळ बोट तरी नेलं असतं?”

सूनबाई ओला फडका हातात घेऊन शर्टाकडे निघाली होती, ती मधेच उभी राहिली.

“कुठला पेला, आई?”

आता ह्याला काय सांगायचं? बाहेर जाण्याआधी दार का उघडता, असं कोणी विचारावं तसं मावशीला झालं. तीन आठवडे तिनं ही गोष्ट लपवली नव्हती. ती सांगण्यासारखी गोष्ट आहे, हेच तिला वाटलं नव्हतं.

पण सूनबाई खाली फरशीवर बसली, ठकीला मांडीत घेतलं, आणि एकेक करून विचारत राहिली. तेव्हा सगळं बाहेर आलं. धुलाईखान्यात प्रत्येकाचा चहाचा पेला आपापला. कोणाच्या पेल्याला पोचा, कोणाच्या काठाला लाल रंगाचा ठिपका. फिटरच्या पेल्यावर खिळ्यानं कोरलेला मासा. इस्त्रीच्या आत हात घालायचा असला की आत जाणाऱ्यानं आपला पेला हिरव्या बटणावर पालथा घालायचा. बटण त्याखाली बरोब्बर झाकतं. तो पेला फक्त त्यानंच उचलायचा, बाहेर आल्यावर. दुसऱ्या कोणी नाही. सकाळी पाळीला उभं राहिलं की नजर आधी बटणावर जाते. पेला नाही म्हणजे आत कोणी नाही. एवढंच.

“मग त्या दिवशी पेला का नव्हता?”

कारण आदल्या आठवड्यात नव्या साहेबांनी सगळे पेले कामाच्या जागेवरून उचलायला लावले होते. दवाखान्याच्या चादरी, जंतू, चहाचे डाग. ते म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. दाराशी नंबर घातलेलं कपाट आलं, एका खणात एक पेला. सोमवारी फिटर सवयीनं पेला घेऊन आत आला, तर सगळ्यांसमोर त्याला बोलणी बसली. मंगळवारी तो पेल्याशिवाय इस्त्रीखाली शिरला.

“आणि ती पाटी? ती काम झाल्यावर काढतात ना?”

“कोण काढतंय! आठ वर्षांपूर्वी तपासणीवाले येणार होते तेव्हा लावली. ते येऊन गेले, पाटी राहिली. आता तो खिळा इतका गंजलाय की तोच तिला सोडत नाही.”

सूनबाई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ठकीनं तिच्या गालाला हात लावून ते पाहिलं. मुलगा ओल्या शर्टानं दोघींकडे बघत उभा होता; त्याला वाटलं आपल्यालाच हसतायत.

मावशी मात्र गंभीर होती. तिनं चाकू खाली ठेवला. “एक सांगून ठेवते. फिटरनं पेला ठेवला नाही, चूक त्याची, असं काही तिथे म्हणणार असशील तर मी आत्ताच्या आत्ता सही करते. त्याला बोलणी बसली होती. त्यानं ऐकलं, एवढंच त्याचं चुकलं.”

“नाही म्हणणार,” सूनबाई म्हणाली. “त्याचीही नाही आणि तुमचीही नाही.” आणि त्या अकरा पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं भाजीची यादी लिहिली.

चौकशीला बाहेरून एक बाई नेमलेल्या होत्या, कोर्टातून निवृत्त झालेल्या. चेहरा असा की हवामानाचा अंदाज येऊ नये. वरच्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला नवे साहेब फायली घेऊन. भिंतीशी फिटर, गळ्यात हात अडकवून. मुलाची दुपारची पाळी लागली होती, म्हणून सूनबाई ठकीला घेऊनच आली. चौकशीच्या बाईंनी चष्म्यावरून ठकीकडे पाहिलं.

“ह्या कोण?”

“साक्षीदार नाहीत,” सूनबाई म्हणाली. “पण केस ह्यांनीच उलगडली आहे.”

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मात्र त्यांनी पाण्याची बाटली ठकीच्या हाताला लागणार नाही अशी लांब सरकवली.

साहेबांनी आपली बाजू नीट मांडली. नियमपुस्तकाचं पान, पाटीचा मजकूर, आणि घटनेच्या दुसऱ्या दिवशी काढलेला पाटीचा मोठा रंगीत फोटो. ‘यंत्र बंद आहे. दुरुस्ती चालू आहे. हात लावू नये.’ दहा फुटांवरून वाचता येईल असं. पाटी होती, मावशींना वाचता येतं, त्यांनी बटण दाबलं. ह्यापुढे बोलण्यासारखं काय उरतं?

मावशीला वाटलं, खरंच, काय उरतं? ऐकायला सगळं सरळ होतं, नुकत्याच निघालेल्या चादरीसारखं.

सूनबाई उठली. ठकी कडेवर. मावशीनं मनात म्हटलं, आता ती चिन्हव्यवस्था काढणार आणि आपण बुडणार. सूनबाईनं फोटो हातात घेतला आणि साहेबांना एवढंच विचारलं, हा काढला तेव्हा मशीन बंद होतं की चालू?

साहेबांनी फोटो पाहिला. पाटीच्या मागे रुळांतून वाफ निघत होती. पाटीखालून एक पांढरी चादर अर्धी आत गेलेली दिसत होती.

चौकशीच्या बाईंनी फोटो मागून घेतला, चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाल्या, “खाली जाऊन बघू.”

जेवणाची सुट्टी संपायला पाच मिनिटं होती. मोठी इस्त्री थांबलेली, पाटी तिच्या खिळ्यावर. सूनबाईनं बाईंच्या कानात काही सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि सगळ्यांना खांबाआड उभं केलं, तोंडावर बोट ठेवून. फिटरनं कपाटातून आपला पेला आणला. सूनबाईनं तो हिरव्या बटणावर पालथा घातला आणि तीही येऊन खांबाआड उभी राहिली. ठकी पेल्याकडे बोट दाखवायला लागली, तिचं बोट मावशीनं मुठीत धरलं.

घंटा झाली. बायका बोलत बोलत आल्या. मावशीच्या जागी आता जी उभी राहायची, तिला सगळे पोपट म्हणत, कारण तिचं तोंड कधी बंद नसे. पोपट आली, ॲप्रनची गाठ मारता मारता कोणाच्या तरी सासूची गोष्ट सांगत होती, हात बटणाकडे गेला. आणि थांबला. गोष्टही थांबली. तिनं हात मागे घेतला, वाकली, इस्त्रीखाली डोकं घालून हाक मारली, “फिटर? अरे, तू तर रजेवर होतास ना?”

उत्तर नाही. ती सरळ उभी राहिली. मागच्या बायकाही थांबल्या, ओल्या चादरींची गाडी थांबली. एक मिनिट गेलं, दोन गेली. कोणी पेल्याला हात लावला नाही. पोपट पुन्हा वाकून बघून आली. चार मिनिटं झाली तेव्हा चौकशीच्या बाई पुढे आल्या.

“तुम्ही मशीन का सुरू केलं नाहीत?”

पोपटनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ह्यांना कोणी आत सोडलं. “पेला आहे ना.”

“आणि पाटीचं काय?”

“कुठली पाटी?”

ती तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर होती.

चौकशीच्या बाईंनी तोंड फिरवलं. मावशी शपथेवर सांगायला तयार होती की त्या हसल्या. पण त्या परत वळल्या तेव्हा चेहरा होता तसाच. साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा बसला होता, की हा पेला कुठल्याच नियमात नाही, आपल्याला हे कोणी कधी सांगितलेलं नाही.

“खरं आहे,” सूनबाई म्हणाली. ती साहेबांवर तुटून पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती बोलली शेजाऱ्याशी बोलावं तशी. “तुमचा नियम चुकीचा नव्हता. चादरींजवळ चहा नकोच. पण खुणेचा अर्थ तिच्यावर काय लिहिलंय त्यात नसतो, साहेब. ती दिसल्यावर माणसं काय करतात, त्यात असतो. ही पाटी दिसल्यावर आठ वर्षं कोणी काहीच वेगळं केलेलं नाही. मशीन चालू असताना ती म्हणते बंद आहे. म्हणजे ती आता भिंत आहे. आणि हा पेला काही न बोलता चार मिनिटं अख्खी पाळी थांबवतो. पाटी फार तर सांगेल हात लावू नका. पेला सांगतो आत कोण आहे. म्हणून तर त्यांनी नावानं हाक मारली. तुम्ही पेले उचललेत तेव्हा ही खूण पुसली गेली, आणि पुसली गेली हे तुम्हालाही कळलं नाही, ह्यांनाही नाही. त्या दिवशी आईंनी खूण वाचली नाही, असं नाही. त्यांनी ती बरोबर वाचली. खूणच खोटं बोलत होती.”

मावशी ऐकत होती. एकही अवघड शब्द नाही. अकरा पानांमधलं सगळं त्यात होतं बहुधा, पण धुऊन, पिळून, वाळवून. घडी सुद्धा नीट. बावीस वर्षं चादरी हाताळलेल्या बाईला घडी कळते. तिची मान आपोआप ताठ झाली, आणि तिनं आजूबाजूला पाहिलं की पोपट ऐकतेय ना, कारण पोपटनं ऐकलं की अख्ख्या धुलाईखान्यानं ऐकलं.

चौकशीच्या बाईंनी विचारलं की ही पद्धत सुरू कोणी केली. मावशी म्हणाली, कोणास ठाऊक, आहे आपली कधीपासून. तेव्हा फिटर खाकरला.

“मावशीनंच,” तो म्हणाला. “माझा पहिलाच आठवडा. कोणाला न सांगता मी खाली शिरलो होतो. बाहेर आलो तर ही समोर उभी, आणि हिचा पेला बटणावर पालथा. चहा ओतून टाकला होता हिनं. मला म्हणाली, उद्यापासून तुझा पेला ठेव, माझा चहा वाया घालवू नकोस. पंधरा वर्षं झाली. माझी दहाच्या दहा बोटं त्या पेल्यानं राखली, बाई. आणि तिला तुम्ही निष्काळजी म्हणताय.”

मावशीला ते आठवतच नव्हतं. मग आठवलं, त्या दिवशीचा चहा चांगला झाला होता आणि ओतताना जिवावर आलं होतं, एवढं. बाईंनी तिला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का.

“बटण मी दाबलं,” मावशी म्हणाली. “ह्याची बोटं दुखतात तोवर ते मला दुखेल, ते मी कोणाला देणार नाही. पण निष्काळजी मी नव्हते. तो शब्द माझा नाही. त्यावर सही करणार नाही.”

निकाल आठ दिवसांनी आला, पण बाईंनी त्याच वेळी फाइलमधल्या त्या शब्दावर रेघ मारलेली मावशीनं पाहिली होती. निष्काळजीपणा काढून टाकावा. मोठ्या इस्त्रीवर परत घ्यावं. पेल्याची पद्धत नियमपुस्तकात लिहावी, आणि ती नव्या माणसांना शिकवण्याचं काम मावशींकडे द्यावं.

साहेबांनी ते स्वतः टाइप केलं. मग मावशीला बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाले, मला कोणी सांगितलं असतं तर. मावशी म्हणाली, “तुम्ही विचारलं नाहीत, साहेब, आणि आम्हाला सांगावंसं वाटलं नाही. दोघांची मापं सारखीच भरली.” साहेबांनी नवे पेले आणवले, फक्त बटणासाठी, चहा न पिण्याचे, सगळे एकसारखे चकचकीत. मावशीनं ते परत केले. चहा नसला तरी चालेल, म्हणाली, पण पेला ज्याचा त्याचा हवा. आत कोण आहे ते कळायला नको? शेवटी जुनेच पेले आले, उकळून काढलेले. पाटी काढायला फिटर रजेवर असूनही मुद्दाम आला, आणि त्याला डाव्या हातानं छिन्नी चालवावी लागली. इस्त्रीच्या पत्र्यावर पाटीच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला, आणि गंमत म्हणजे दोन दिवस जो तो थांबून त्या चौकोनाकडे बघत होता.

शेजारणीला मावशीनं सगळं सविस्तर सांगितलं. शेजारीण म्हणाली, सून अगदी वकिलासारखी बोलली म्हणायची. “वकील कुठला,” मावशी म्हणाली. “वकील पोट भरायला बोलतो. आमचीचा अभ्यास आहे.”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ठकी झोपली. सूनबाई पाळण्याच्या खोलीत कागद घेऊन बसली. दार लोटलेलं, आतून पेन्सिलची कुरकुर. मावशी बाहेर पाय मोकळे करत होती. तिनं स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, दाराला लावून ठेवलं. मग धुलाईखान्याच्या पिशवीतून आपला पेला काढला, काठाला पोचा असलेला, आणि स्टुलावर पालथा घातला.

मुलगा आला. त्याला मोजे सापडत नव्हते आणि ते त्या खोलीत होते. दाराकडे हात नेला, पेला दिसला. तो थांबला. आईकडे पाहिलं. मावशीनं भुवया उंचावल्या, नुसत्या.

तो अनवाणीच बाहेर गेला.